मेमरीत ठेवायचं की डेटाबेसमध्ये? हे गणित मांडणारा माणूस बोट घेऊन समुद्रात गेला, तो परत आलाच नाही

भाजीवाल्याला तुम्ही फोनवरून ८० रुपये पाठवता. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं. तुमच्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो, पण भाजीवाल्याचा स्पीकर काही बोलत नाही.

पोटात गोळा येतो की नाही?

पण असे अडकलेले पैसे सहसा एक तर पुढे पोहोचतात, नाहीतर खात्यात परत येतात. अधल्यामधल्या अवस्थेत कायमचे हवेत विरून जात नाहीत. कारण बँकेचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तरी आपण कुठे होतो हे त्याला पुन्हा शोधून काढता येतं.

कॉम्प्युटरला ही शिस्त लावण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्यांचं नाव जिम ग्रे. आज कुठलंही ॲप बनवताना एक प्रश्न हमखास येतो, की माहिती मेमरीत ठेवायची की डेटाबेसमध्ये? ग्रे यांचं जवळपास सगळं आयुष्य याच प्रश्नाच्या आसपास गेलं.

इंग्रजीच्या आधी इटालियन शिकलेला पोरगा

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील सैन्यात होते. त्यांची बदली रोमला झाली आणि छोट्या जिमची पहिली काही वर्षं तिथेच गेली. त्यामुळे तो इंग्रजीच्या आधी इटालियन बोलायला शिकला. पुढे आईवडील वेगळे झाले आणि शिक्षिका असलेल्या आईबरोबर तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला. हे आईचं नातं लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

१९६१ मध्ये त्याने बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. सुरुवात काही झकास नव्हती. केमिस्ट्रीच्या मार्कांनी तोंडचं पाणी पळवलं आणि मध्ये काही महिने त्याने कॉलेजच सोडलं. पण तो परत आला. १९६६ मध्ये पदवी घेतली, काही काळ न्यू जर्सीत बेल लॅब्समध्ये काम केलं आणि १९६९ मध्ये बर्कलेतूनच पीएचडी केली. तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाने दिलेली ही पहिलीच पीएचडी होती.

मेमरी आणि डिस्क, हे भांडण नक्की काय आहे?

पुढे जाण्याआधी ही गोष्ट दोन मिनिटांत समजून घेऊ.

कॉम्प्युटरकडे माहिती ठेवायच्या मुख्य जागा दोन. पहिली मेमरी, म्हणजे रॅम. ही स्वयंपाकघराच्या ओट्यासारखी. मिसळणाचा डबा हाताशी असतो, झाकण उघडलं की काम झालं. पण ओटा लहान असतो. आणि या ओट्याची एक वाईट खोड आहे. वीज गेली की त्याच्यावरचं सगळं गायब होतं.

दुसरी जागा डिस्क. ही माळ्यासारखी. जागा भरपूर, वीज गेली तरी सामान जिथल्या तिथे. पण काही काढायचं म्हटलं की शिडी आणा, चढा, शोधा, उतरा.

प्रोग्राम लिहिणारा माणूस मेमरीत एखादी यादी किंवा तक्ता बनवतो, तेव्हा तो ओट्यावर काम करत असतो. डेटाबेस म्हणजे माळ्यावरचं सामान नीट लावून ठेवणारा, मागेल ते काढून देणारा आणि एकाच वेळी दहा जणांनी मागितलं तरी गोंधळ होऊ न देणारा व्यवस्थापक. आता हा व्यवस्थापक विश्वासू कसा बनवायचा, हा प्रश्न १९७० च्या दशकात सुटायचा होता.

आधी रोजकीर्द, मग खातेवही

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडायची कल्पना कागदावर आणली होती. ती प्रत्यक्षात चालते का हे बघायला आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प सुरू झाला. एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा याच प्रयोगशाळेतली. आणि या प्रकल्पात जिम ग्रे यांच्याकडे आलं ते सगळ्यात कटकटीचं काम. एकाच वेळी अनेक जण माहिती बदलायला आले तर काय, आणि मशीन मध्येच बंद पडलं तर काय?

पहिली अडचण बघा. नवराबायकोच्या जॉइंट खात्यात ५,००० रुपये आहेत. दोघं एकाच क्षणी दोन वेगळ्या एटीएमवर उभे आहेत. दोघांनी ४,००० मागितले. दोन्ही मशीननी खातं वाचलं, दोन्हींना ५,००० दिसले, दोघांनाही पैसे मिळाले. बँक बुडाली!

यावर उपाय म्हणजे लॉक. एकाचं काम पूर्ण होईपर्यंत ती नोंद दुसऱ्याला हात लावता येत नाही. पण सगळ्याच तक्त्याला कुलूप घातलं तर बाकीची रांग खोळंबते. कुलूप कधी एका नोंदीला घालायचं, कधी पूर्ण तक्त्याला आणि ही दोन्ही कुलपं एकमेकांच्या आड कशी येऊ द्यायची नाहीत, याचे नियम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधले.

दुसरी अडचण त्याहून मोठी. डेटाबेसही काम मेमरीतच करतो. प्रत्येक बारीक बदलासाठी डिस्कवर योग्य जागा शोधत बसला, तर तो रांगत चालेल. मग मेमरीत बदल झाला आणि डिस्कवर पोहोचण्याआधी वीज गेली तर?

याचं उत्तर आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांना पटकन कळेल. दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहायचा, जसा घडला तसा, एकाखाली एक. मग निवांतपणे तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा, म्हणजे खतावणी करायची. उद्या खातेवही भिजली तरी रोजकीर्दीवरून सगळं पुन्हा उभं करता येतं.

डेटाबेसची रोजकीर्द म्हणजे लॉग. नियम साधा आहे. बदलाची नोंद आधी लॉगमध्ये, आणि तो लॉग डिस्कवर सुरक्षित पोहोचल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाल्याचं सांगायचं नाही. खरी माहिती तिच्या जागी सावकाश गेली तरी चालेल. लॉगमध्ये एकाखाली एक लिहायचं असल्यामुळे डिस्कला इकडेतिकडे शोधाशोध करावी लागत नाही, म्हणून हे काम जलद होतं. मशीन पुन्हा सुरू झालं की लॉग वाचायचा. पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा चढवायचे, अर्धवट राहिलेले पुसून टाकायचे.

१९७८ मध्ये ग्रे यांनी डेटाबेसच्या अंतर्गत कामकाजावर सविस्तर टिपणं प्रसिद्ध केली. लॉक, लॉग, दोन मशीनमधला व्यवहार कसा पक्का करायचा, हे सगळं त्यात एकत्र आलं. त्या पिढीतले डेटाबेस बनवणारे ही टिपणं वाचतच काम शिकले.

दोन मशीनमधला व्यवहार समजवायला ग्रे लग्नाचं उदाहरण देत. चर्चमधला पाद्री आधी दोघांनाही वेगवेगळं विचारतो, तयार आहात का? दोघांचा होकार आला तरच लग्न लागल्याचं जाहीर करतो. एक जरी नाही म्हणाला, तर दोघंही मोकळे. तुमच्या बँकेतून भाजीवाल्याच्या बँकेत पैसे जाताना हाच मूळ प्रश्न असतो. दोन्हीकडे नोंद व्हायला हवी, नाहीतर कुठेच नाही.

कॉम्प्युटर बंद का पडतात?

१९८० मध्ये ग्रे आयबीएम सोडून टँडम या कंपनीत गेले. तिच्या मशीनमध्ये सगळ्या महत्त्वाच्या भागांची जोडी असायची. एक बंद पडला की दुसरा काम पुढे चालू ठेवायचा. बँका, एटीएमचं जाळं, शेअर बाजार हे टँडमचे गिऱ्हाईक. आपल्या मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये 'बोल्ट' ही ऑनलाइन प्रणाली आणली, तीसुद्धा टँडमच्या मशीनवर. तोवर ग्रे यांनी टँडम सोडलं होतं.

टँडममध्ये त्यांनी प्रत्यक्ष बिघाडांच्या नोंदी तपासल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला. सुट्या भागांची जोडी लावल्यावर मशीनचे भाग हे बंद पडण्याचं मुख्य कारण उरत नाही. खरी कारणं म्हणजे देखभाल करताना माणसांच्या हातून होणाऱ्या चुका आणि सॉफ्टवेअरमधले दोष.

हा मुद्दा आजही लागू आहे. आमचा सर्व्हर भारी आहे, माहिती मेमरीत ठेवली तरी जाणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. सर्व्हर जळायची गरजच नाही. कुणीतरी नवीन आवृत्ती चढवताना प्रोग्राम रीस्टार्ट केला, की ओटा साफ.

पाच मिनिटांचा नियम

आता येऊ त्या गणिताकडे.

१९८० च्या दशकात मेमरी प्रचंड महाग होती. काय मेमरीत ठेवायचं आणि काय डिस्कवर, यावर प्रत्येक इंजिनिअरचं वेगळं मत असायचं. ग्रे आणि त्यांचे सहकारी फ्रँको पुत्झोलू यांनी हा वाद सरळ पैशांत मांडला. १९८७ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

त्या वेळचे भाव असे. १ एमबी मेमरी सुमारे ५,००० डॉलरला, म्हणजे १ केबीला ५ डॉलर. दुसरीकडे डिस्कवरून दर सेकंदाला एक नोंद आणायची क्षमता हवी असेल, तर डिस्क आणि तिला लागणारा बाकीचा सरंजाम धरून खर्च सुमारे २,००० डॉलर.

आता १ केबीची एक नोंद घ्या.

ती दर सेकंदाला लागते? मग डिस्कवर ठेवली तर २,००० डॉलरची क्षमता ती एकटी खाणार. मेमरीत ठेवली तर ५ डॉलर. मेमरीच स्वस्त.

दर १० सेकंदांनी लागते? डिस्कचा खर्च २०० डॉलर, मेमरीचा ५. अजूनही मेमरी.

दर ४०० सेकंदांनी लागते? डिस्कचा खर्च ५, मेमरीचाही ५. बरोबरी!

तासातून एकदा लागते? डिस्कचा खर्च अर्ध्या डॉलरच्या आसपास, मेमरीचा ५. आता डिस्क स्वस्त.

४०० सेकंद म्हणजे ढोबळमानाने पाच मिनिटं. म्हणून नियम असा की जी नोंद पाच मिनिटांतून एकदा तरी लागते ती मेमरीत ठेवा, त्याहून कमी लागत असेल तर डिस्कवर राहू द्या. मीठ ओट्यावर, दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर. घरातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. ग्रे यांनी त्याला आकडा दिला.

त्यांनी एक अपवादही नोंदवला होता. कधी कधी पैशांचं गणित बसत नसलं तरी उत्तर लगेच हवं असतं, म्हणून माहिती मेमरीत ठेवावी लागते. याचं उदाहरण मुंबईतच आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, आपल्या 'नीट' या प्रणालीत खरेदीविक्रीची माहिती मेमरीतल्या डेटाबेसमध्ये ठेवली. कारण सौदा जुळवताना माळ्यावर चढायला वेळ नसतो. पण ही मेमरी साध्या मशीनमधली नव्हती. एक भाग बिघडला तरी चालू राहणाऱ्या स्ट्रॅटस कंपनीच्या मशीनवर हा कारभार चालायचा. वेग हवा म्हणून मेमरी घेतली, आणि मेमरीचा धोका ओळखून बंदोबस्तही केला.

दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, ग्रे यांनी गोएट्झ ग्रेफे यांच्यासोबत हे गणित पुन्हा मांडलं. भाव पार बदलले होते, पण साध्या डिस्कसाठी उत्तर पुन्हा पाच मिनिटांच्या आसपासच आलं. नंतर फ्लॅश आलं, मेमरी आणखी स्वस्त झाली आणि आकडे हलले. गणित करायची पद्धत मात्र तीच राहिली. स्वस्त म्हणजे किती? तुमच्या ८ जीबी रॅमच्या फोनला १९८७ च्या भावाने मेमरी घ्यायची तर ४ कोटी डॉलर लागले असते.

आधी वीस प्रश्न लिहून आणा

१९९५ पासून ग्रे मायक्रोसॉफ्टसाठी काम करू लागले, पण सॅन फ्रान्सिस्को सोडलं नाही. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने 'टेरासर्व्हर' सुरू केलं. उपग्रहातून आणि विमानातून काढलेले जमिनीचे फोटो डेटाबेसमध्ये भरले आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. गुगल अर्थ यायला तेव्हा बरीच वर्षं होती. त्याच वर्षाचा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा सन्मान, त्यांना मिळाला.

मग ते खगोलशास्त्रज्ञांकडे वळले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ॲलेक्स सालाय यांच्यासोबत त्यांनी स्लोन दुर्बिणीची माहिती डेटाबेसमध्ये आणली. कुणीही घरबसल्या आकाशातल्या आकाशगंगा धुंडाळू शकेल, अशी 'स्कायसर्व्हर' ही वेबसाइट त्यातून उभी राहिली.

इथे त्यांची काम करायची एक सवय फार कामाची आहे. शास्त्रज्ञ माहितीचे ढीग घेऊन आले की ग्रे आधी त्यांच्याकडून वीस प्रश्न मागायचे. या माहितीला तुम्ही सगळ्यात महत्त्वाचे कोणते वीस प्रश्न विचारणार? ती यादी हातात आली की कोणती माहिती कशी लावायची, काय वारंवार लागणार, काय क्वचित, हे आपोआप दिसायला लागायचं. तंत्रज्ञान निवडायचं ते त्यानंतर.

२८ जानेवारी २००७

ग्रे यांना शिडाच्या बोटीचं वेड होतं. त्यांची ४० फुटी बोट होती, नाव 'टेनेशियस'. २८ जानेवारी २००७, रविवार. त्या दिवशी आईच्या अस्थी समुद्रात सोडायला ते एकटेच बोट घेऊन निघाले. सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या फॅरलॉन बेटांकडे. हवा चांगली होती. ते हाडाचे खलाशी होते. वय ६३.

रात्र झाली तरी ते परतले नाहीत. पत्नी डोना यांनी ते बेपत्ता असल्याचं कळवलं. तटरक्षक दलाने चार दिवस समुद्र पालथा घातला. बोटीचा तुकडा नाही, तेलाचा तवंग नाही, मदतीचा संदेशही नाही.

मग त्यांचे मित्र कामाला लागले. उपग्रहांनी त्या भागाचे नवे फोटो काढले. नासाचं विमान उडालं. हे फोटो छोट्या छोट्या तुकड्यांत ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या सेवेवर टाकले आणि जगभरातले हजारो अनोळखी लोक घरी बसून एकेका तुकड्यात बोट शोधू लागले. ज्या माणसाने उपग्रहाचे फोटो लोकांसाठी खुले केले, त्यालाच लोक आता उपग्रहाच्या फोटोंत शोधत होते.

बोट सापडली नाही. त्यानंतर समुद्राचा तळही तपासला, तिथेही काही मिळालं नाही. २०१२ मध्ये कायद्याने त्यांना मृत मानण्यात आलं. त्या दिवशी समुद्रात काय घडलं, ते आजही कुणाला माहीत नाही.

मग आज काय निवडायचं?

ग्रे यांच्या कामातून दोन प्रश्न हाती येतात. तुम्ही कॉलेजचा प्रोजेक्ट करत असा, नाहीतर गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीचं ॲप बनवत असा, हे दोनच प्रश्न विचारा.

पहिला, ही माहिती किती वेळा लागते? वारंवार लागत असेल तर ती मेमरीत हाताशी ठेवण्यात फायदा आहे.

दुसरा, ही माहिती आत्ता या क्षणी गेली तर कुणाचं काय बिघडेल? व्हॉट्सॲपवर समोरचा टाइप करतोय हे दाखवणारी खूण गेली तर कुणाचंच काही जात नाही. ती मेमरीत राहिली तरी पुरे. पण तुमचे चॅट फोन बंद करून चालू केला तरी असायलाच हवेत, म्हणून अँड्रॉइड फोनवर ते एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात. वर्गणी कुणी दिली, कुणी नाही, ही नोंद तर डेटाबेसमध्येच हवी. नाहीतर अध्यक्षांच्या दारात भांडण ठरलेलं.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मोठं असेल, म्हणजे माहिती सतत लागते आणि हरवूनही चालत नाही, तर दोन्ही वापरा. पक्की नोंद डेटाबेसमध्ये आणि वाचायला तिची एक प्रत मेमरीत. मेमरीतली गेली तर डेटाबेसमधून पुन्हा भरता येते. उलटं मात्र होत नाही.

आजचे मेमरीवर चालणारे डेटाबेसही याच वाटेने गेलेत. २००९ मध्ये आलेला रेडिस सगळी माहिती मेमरीत ठेवतो, म्हणून तो जलद आहे. पण माहिती टिकवायची असेल तर त्यातही एक सोय चालू करता येते. प्रत्येक बदल एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहीत जायची.

म्हणजे रोजकीर्दच.